सातवा माणूस

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक पाटी आहे : 'क्षमता ६ व्यक्ती, ४०८ किलो.' रोज पाच मजले चढताना वाचायला दुसरं काही नसल्यामुळे मी एकदा भागाकार केला. माणशी ६८ किलो आले. ज्या कुणी हा अडुसष्ट किलोंचा माणूस ठरवला, तो सोलापुरात कुणाच्या पंक्तीला जेवलेला नसावा. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर वाटीभर दही अशी न्याहारी करून आमचे चौथ्या मजल्यावरचे अण्णा लिफ्टमध्ये शिरतात, तेव्हा त्या हिशेबानं निदान दीड व्यक्ती आत आलेली असते.

सरकारी मराठीत लिफ्टला 'उद्वाहन' म्हणतात. संस्कृतात 'उद्वाह' म्हणजे लग्न! हे कळल्यापासून मला तो शब्द फार पटला. दोन्हीकडे शिरताना आपण हसतमुख असतो, एकदा दार लागलं की वेग आपल्या हाती राहत नाही, आणि मध्येच कुठं अडकलं तर बाहेरचे लोक नुसत्या सूचना देतात.

आता सहा माणसं आत असली की सातवा येतोच. "जरा सरकून घ्या" म्हटलं की आपण सरकतो, एस. टी.नं आपल्याला तेवढं शिकवलं आहे. मी कधी पाटीकडे बोट दाखवलं, तर अण्णा म्हणतात, "काय होत नाही ओ!" आणि खरोखरच काही होत नाही. का होत नाही, हे मी पुढं चौकशी करून समजून घेतलं. लिफ्ट एका दोरावर लटकत नाही. पोलादाचे अनेक दोर असतात आणि मिळून ते पाटीवरच्या वजनाच्या दहा-बारा पट भार पेलतील असे धरलेले असतात. शिवाय दोर तुटलाच, तर लिफ्ट जागच्या जागी धरणारी पकड खाली असते. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा गृहस्थ उंच फळीवर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर त्यानं दोर तोडायला लावला. फळी किंचित घसरून थांबली. तेव्हापासून माणूस निर्धास्तपणे वर जाऊ लागला.

कायदाही आहेच. १९३९ साली, सोलापूर गिरणीच्या भोंग्यावर उठत होतं त्या काळात, मुंबई इलाख्यासाठी लिफ्टचा कायदा झाला. त्याच्या जागी २०१७ चा नवा आला, त्यात सरकते जिनेही आले. लिफ्ट बसवायला परवानगी, चालवायला परवाना, मग सरकारी निरीक्षकाची तपासणी, विमा, सगळं आहे. पण निरीक्षक काही रोज येत नाही. मधल्या दिवसांचा निरीक्षक म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी. आणि गेली तीन वर्षं तो मी आहे.

दर महिन्याला मेकॅनिक येतो. तेलाचा वास येतो, वर खडखडाट होतो, आणि मी चहाचा दुसरा घोट घेईपर्यंत तो कार्ड पुढं करतो : "काका, इथं एक सही करा की." ब्रेक — ठीक. दोर — ठीक. दाराचं कुलूप — ठीक. अलार्म बेल — ठीक. मी सही करत असे. झोकदार सही आहे माझी.

मग गेल्या मे महिन्यातली एक दुपार. त्रेचाळीस अंशांचं ऊन, दारं बंद, घरोघरी कूलर घोंगावताहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टनं निघाल्या आणि लिफ्टचा फ्यूज उडाला. दिवा गेला, पंखा गेला. आजींचा मोबाइल देवघरापाशी चार्जिंगला. त्यांनी बेल दाबली. बेलची बॅटरी कधीच संपलेली होती. त्यांनी हाका मारल्या, छत्रीनं दार ठोकलं. कूलरच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? चाळीस मिनिटांनी नातू क्लासहून आला म्हणून कळलं. मेकॅनिकला बोलावून त्यांना बाहेर काढलं तेव्हा आजी घामानं निथळत होत्या, ओठ पांढरे पडले होते. पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "बेल वाजवली रे मी. म्हटलं, जेवायला बसला असशील."

त्यांनी रागावायला हवं होतं. मला ते सोपं गेलं असतं. बेल वाजली, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं, कारण ती 'ठीक' असल्याचं मी लिहून दिलं होतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. मी खोटं बोललो का? कुणाला फसवायचं मनात नव्हतं, पैसा खाल्ला नव्हता. मी फक्त बघितलं नव्हतं. पण सही म्हणजे 'मी बघितलं' असंच ना? दोर दहापट मजबूत केला तो न कळणाऱ्या गोष्टींसाठी : झिजेसाठी, धक्क्यासाठी, उद्याच्या अडचणीसाठी. सातवा माणूस तो राखीव साठा आजच थोडा खातो. मीही तेच केलं. पाचजणांचं काम चोख असतं त्या भरवशावर सहावा झोपतो, आणि काही झालं नाही म्हणजे आपण निर्दोष असं समजतो. अण्णांचं "काय होत नाही ओ" मी शाईनं लिहीत होतो, एवढाच फरक.

आता मी मेकॅनिकबरोबर वर मशीनच्या खोलीत चढतो. मला त्यातलं काही कळत नाही. तो एकेक दाखवतो, मी बघतो. बेल मात्र मी स्वतः वाजवतो. "काका, तुम्ही लई डाऊट घेता," तो म्हणतो.

परवा आजी लिफ्टच्या दारात भेटल्या. म्हणाल्या, "वाजते ना रे बेल?"

"वाजते, आजी."

त्या निर्धास्त वर गेल्या. मी खालीच थांबलो आणि लिफ्ट रिकामी परत आल्यावर पुन्हा एकदा बेल वाजवून बघितली. चौथ्या मजल्यावरून अण्णा ओरडले, "कोण अडकलं ओ?"


"कुणी नाही," मी म्हणालो.