चुकीच्या नावाची माया

लग्नात आजीचं नाव बदललं. आजोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि पुढची साठ वर्षं ती त्याच नावाला ओ देत राहिली. मला हे कळलं आठवीत असताना. तिची धाकटी बहीण आली होती. तिने दारातूनच एका अनोळखी नावाने हाक मारली आणि गुडघे धरून चालणारी आजी जवळजवळ पळत बाहेर आली.

परवा चिलीतल्या एका द्राक्षाविषयी वाचताना ती हाक आठवली.

या द्राक्षाचं नाव कार्मनेर. वाइनसाठी लावतात ते हे काळं द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या बोर्दोचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या इतर जातींबरोबर याच्याही काड्या चिलीला गेल्या. पुढे १८६०च्या दशकात फिलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी कीड फ्रान्समध्ये पसरली आणि मळेच्या मळे बसले. पुन्हा लागवड करताना बोर्दोने कार्मनेरला जवळपास वगळलं. गार, ओल्या हवेत त्याला फळ नीट धरत नाही. चिलीत मात्र ते टिकलं, पण मर्लो या दुसऱ्याच जातीच्या नावाने, तिच्याच वेलींत मिसळून. १९९४ मध्ये ज्याँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने माइपो खोऱ्यातल्या एका मळ्यात त्याला ओळखलं.

मग इतकी वर्षं ज्यांनी त्या वेली छाटल्या, त्यांना पाणी दिलं, त्यांची माया खोटी होती का? मला आधी वाटलं, मुळीच नाही. ज्यांना खरं नाव ठाऊक होतं त्यांनी टाकून दिलं; ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी जगवलं. पाणी मिळतंय म्हटल्यावर वेलीला नावाचं काय?

पण फरक पडतो. कार्मनेर मर्लोनंतर काही आठवड्यांनी पिकतं. मर्लो समजून तोडलं की ते कच्चंच हाती यायचं आणि वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास यायचा. खरं नाव कळल्यावर तोडणीसाठी थांबायचं कळलं. आज चिली या द्राक्षासाठी ओळखला जातो.

आमच्या घरात आजी ‘तिरसट’ होती. सगळेच म्हणायचे, मीही म्हणायचो. तिच्यावर जीवही होता सगळ्यांचा. दुखलंखुपलं की डॉक्टर, दिवाळीला साडी. लग्न झालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. ती सून व्हायला, आई व्हायला तयार आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. नंतर स्वभावाचा दोष मात्र तिच्याच माथी आला.

माया ओळखीशिवायही करता येते. न्याय करायचा तर समोरचं कोण आहे, हे बघावंच लागतं.

बहीण गेल्यावर ते नाव आमच्या घरात पुन्हा कुणी घेतलं नाही. मीही नाही. मला ते पाठ होतं.