पटलाचा ताण

तबल्याचे गट्टे हातोडीने खाली ठोकले की वादी आवळते, पुडी ताणली जाते आणि स्वर चढतो. ‘ताण’ म्हटले की आपल्या मनात हेच येते: ओढणारे काहीतरी, ओढले जाणारे काहीतरी, आणि ओढावे तितका वाढणारा जोर. विश्वविज्ञानातल्या ‘ब्रेन टेन्शन’विषयी मराठीत लिहिताना नेमके हेच चित्र आड येते. (इथे ब्रेन म्हणजे मेंदू नव्हे, मेम्ब्रेन या शब्दाचा उत्तरार्ध. मी त्याला पटल म्हणतो.)

लिसा रँडल आणि रामन सुंद्रम यांनी १९९९ साली दोन शोधनिबंधांतून एक कल्पना मांडली. आपला तीन मितींचा अवकाश हे चार मितींच्या मोठ्या अवकाशातले एक पटल असावे. पदार्थ आणि प्रकाश त्या पटलाला जखडलेले. गुरुत्वाकर्षणाला मात्र बाहेरची वाट मोकळी. या पटलाला कोणी कडांना धरून ओढलेले नाही. त्याचा ताण म्हणजे त्याची स्वतःची, दर घन सेंटिमीटरमागची ऊर्जा. पटलावर एकही तारा, एकही कण नसला तरी ती असतेच, आणि पटल कितीही पसरले तरी दर घन सेंटिमीटरला तेवढीच राहते. पुडीपेक्षा साबणाच्या पाण्याचा पापुद्रा याच्या जवळचा: तो मोठा केला की एकूण ऊर्जा वाढते, पण क्षेत्रफळाच्या दर एककामागे तेवढीच राहते. म्हणून ताण हा शब्द ठेवावा, पण वाचावा ‘ऊर्जेची घनता’ असा, हा माझा आग्रह आहे. पुढचे सगळे या अर्थावर उभे आहे.

कारण रिकाम्या पटलालाच ऊर्जा असेल, तर ते भरधाव प्रसरण पावायला हवे. रँडल-सुंद्रम प्रतिमानात तसे होत नाही, ते बाहेरच्या अवकाशाला दिलेल्या ऋण ऊर्जेमुळे. ही ऋण ऊर्जा ताणाला बरोबर तोलते. तिच्यामुळेच बाहेरची मिती अशी वक्र होते की गुरुत्वाकर्षण पटलाच्या आसपासच राहते. पाच मितींच्या अवकाशकालाचा मूळ गुरुत्व-स्थिरांक कायम धरला, तर न्यूटनचा स्थिरांक या ताणाच्या प्रमाणात निघतो. ताण शून्य केला तर आपल्या ओळखीचे गुरुत्वाकर्षण उरतच नाही. एकट्या पटलाचा ताण ऋण धरला, तर वस्तू एकमेकींना दूर लोटू लागतील. आपल्या वजनाचे मूळ असे रिकाम्या अवकाशाच्या एका गुणधर्मात सापडावे, हे मला या सिद्धांतातले सर्वांत सुंदर वाटते.

तरीही तो तोल बसवलेला आहे, आपसूक निघालेला नाही. ताण आणि बाहेरची ऊर्जा इतक्या काटेकोरपणे का जुळाव्यात, याचे उत्तर इथे मिळत नाही. निर्वात अवकाशाची ऊर्जा जवळपास शून्य का, हा जुना प्रश्न एका मितीने पुढे सरकला, इतकेच. तो सुटला असे वाचकांना सांगणे मला गैर वाटते.

मात्र ही कल्पना तपासता येते. विश्वाचे प्रसरण मांडणाऱ्या फ्रीडमनच्या समीकरणात प्रसरणाच्या दराचा वर्ग पदार्थाच्या घनतेच्या प्रमाणात असतो. पटलावर त्यात घनतेच्या वर्गाचे एक पद वाढते, आणि ते ताणाने भागलेले असते. आज घनता इतकी विरळ आहे की हे पद जाणवणारही नाही. आरंभी मात्र तेच वरचढ असणार. पहिल्या काही मिनिटांत वस्तुमानाने सुमारे एक चतुर्थांश हेलियम घडला. त्या वेळी प्रसरणाचा दर वेगळा असता तर हे प्रमाण बिघडले असते. म्हणजे तोवर हे पद मावळलेले असले पाहिजे, आणि त्यासाठी ताण पुरेसा मोठा हवा.

याहून कडक अट प्रयोगशाळेतून येते. ताण जितका कमी, तितक्या मोठ्या अंतरावर न्यूटनचा व्यस्त वर्गाचा नियम मोडायला हवा. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने पिळाचा लंबक वापरून तो ५२ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतक्या अंतरापर्यंत तपासला आणि निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध केला. नियम तिथेही मोडलेला नाही.