एकाच बाजूच्या पायऱ्या

इंग्लंडच्या लँकशर परगण्यात, ब्लॅकपूलच्या अलीकडे, फाइल्ड नावाचा सपाट, कुरणांचा पट्टा आहे. तिथल्या लिटल प्लम्टन गावाजवळ प्रेस्टन न्यू रोडच्या कडेला क्वाड्रिला कंपनीला खोल विहिरी खणून फ्रॅकिंग करायचं होतं. म्हणजे पाणी, वाळू आणि रसायनं जबर दाबाने जमिनीच्या पोटात सोडायची, खडकाला चिरा पाडायच्या आणि त्यातून वायू वर काढायचा. जून 2015 मध्ये लँकशर काउंटी कौन्सिलने परवानगी नाकारली. कंपनीने अपील केलं. ऑक्टोबर 2016 मध्ये लंडनमधल्या मंत्र्याने, साजिद जाविद यांनी, कौन्सिलचा नकार रद्द करून परवानगी दिली.

वरच्याने खालच्याचा निर्णय फिरवला, एवढंच यात पाहिलं तर मुद्दा हुकतो. वरचा खालचं फिरवतो, त्यासाठीच तर तो वर असतो. कौन्सिलचे लोकही चुकतात, आकसाने वागतात, तेव्हा दाद मागायला जागा हवीच. पाहायचं ते हे की त्या जागेपर्यंत जाणाऱ्या पायऱ्या कोणासाठी बांधल्या आहेत.

समजा, 2015 साली कौन्सिलने उलट निर्णय दिला असता, होकार दिला असता. मग गावकऱ्यांनी मंत्र्याकडे अपील केलं असतं का? करताच आलं नसतं. इंग्लंडच्या नियोजन कायद्यात अपिलाचा हक्क अर्जदाराला आहे, शेजाऱ्याला नाही. शेजाऱ्याच्या हाती उरतं ते कोर्ट, आणि कोर्ट निर्णय योग्य की अयोग्य हे बघत नाही, तो कायद्यात बसतो का तेवढंच बघतं. मंत्र्याच्या परवानगीनंतर विरोधक याच वाटेने गेले. 2017 मध्ये हायकोर्टात हरले, 2018 मध्ये वरच्या कोर्टातही. म्हणजे होकार एकदा मिळाला की जवळजवळ पक्का, आणि नकार मात्र नेहमीच कच्चा. हे कुणा मंत्र्याच्या स्वभावावर अवलंबून नाही. शिडीची घडणच तशी आहे.

पक्क्या-कच्च्याचा हा भेद नकाराच्या भाषेतही उतरतो. लोकांची खरी भीती पाण्याची होती, भूकंपाची होती. तीही हवेतली नव्हे: 2011 मध्ये याच भागात प्रीझ हॉल इथल्या विहिरीमुळे 2.3 तीव्रतेचा धक्का बसला होता. पण या गोष्टी बघायला वेगळी नियामक खाती आहेत, असं मानलं जातं. कौन्सिलने या विहिरींना नाकारताना कागदावर लिहिलेली कारणं होती आवाज आणि देखाव्याला बाधा. ‘माझ्या पायाखालची जमीन हलेल’ असं सांगायला आलेल्या माणसाचं म्हणणं फाइलमध्ये ‘कुरणाचं दृश्य बिघडेल’ असं उतरतं. मग वरच्या तराजूत एका पारड्यात बिघडलेलं दृश्य आणि दुसऱ्यात देशाची ऊर्जेची गरज. काटा कुठे झुकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

(आपल्या ‘जनसुनावणी’ या शब्दाचीही मला गंमत वाटते. ऐकणारा जन की ऐकून घेतला जाणारा जन, हे तो शब्द काही सांगत नाही. ब्लॅकपूलला 2016 मध्ये अशीच चौकशी भरली होती. ती ऐकून निरीक्षकांनी शिफारस लिहिली, पण निकाल मंत्र्याने स्वतःकडे आधीच राखून ठेवला होता.)

त्या फायलीत न मावलेलं कारण पुढे जमिनीनेच नोंदवलं. ऑक्टोबर 2018 मध्ये फ्रॅकिंग सुरू झालं. नियम असा होता की 0.5 तीव्रतेचा धक्का बसला की काम थांबवायचं. ते वरचेवर थांबत राहिलं. 26 ऑगस्ट 2019 रोजी 2.9 चा धक्का बसला, लोकांना घर हलल्याचं कळलं. नोव्हेंबरमध्ये, निवडणूक तोंडावर असताना, सरकारने इंग्लंडभर फ्रॅकिंगला स्थगिती दिली.

गावकरी जिंकले असं कुणी म्हणेल, पण जिंकलेला निर्णय त्यांच्या हातात आला नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पंतप्रधान लिझ ट्रस यांनी स्थगिती उठवली. ‘स्थानिकांची संमती असेल तिथेच’ अशी पुस्तीही जोडली. संमती कोणाची धरायची, गावाची, कौन्सिलची की विहिरीपासून ठरावीक अंतरातल्या घरांची, हे ठरायच्या आत त्यांचं सरकार गेलं. ऑक्टोबरमध्ये ऋषी सुनक यांनी स्थगिती पुन्हा लावली. स्थगिती आली, उठली, परत आली. तिन्ही वेळा सही लंडनची.