अनाथांची भिंत



मागच्या जुम्याच्या नमाजनंतर कोंढव्यातील एका मातेने विचारले, “मौलाना, मुलगा बांधकामाचे शिकला आहे. भूकंपग्रस्तांची घरे उभारायला तो नेपाळला जायचे म्हणतो. तिथली जमीन पुन्हा हादरली तर? त्याला होकार देऊ का?”

हे भय खोटे नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यांचा जीव घेतला तो मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि जड माळवदांनी. म्हणूनच भक्कम घर बांधणे म्हणजे पुढच्या संकटात कुणाचा तरी जीव वाचवणे होय.

सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अलै.) आणि हजरत खिज्र (अलै.) यांचा प्रवास आला आहे. एका गावाने त्यांना अन्न नाकारले. तरीही तिथली कोसळू पाहणारी भिंत खिज्र (अलै.) यांनी मोबदला न घेता सावरली, कारण तिच्याखाली दोन अनाथ बालकांचा ठेवा होता. गाव कुणाचे, त्याने आपल्याला कसे वागवले, हा हिशेब त्यांनी मांडला नाही.

स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, ही सूरह बकराची ताकीद आपण घरी थांबण्यासाठी पुढे करतो. पण ही आयत अल्लाहच्या मार्गात खर्च करण्याच्या आदेशाने सुरू होते आणि सत्कर्माच्या आदेशाने संपते. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांनी तिचा अर्थ उलगडताना सांगितले की, आपल्या मालमत्तेत रमून कर्तव्यापासून मागे राहणे हाच तो विनाश.

मात्र धाडस म्हणजे बेफिकिरी नव्हे. शामच्या वाटेवर प्लेगची वार्ता कळताच हजरत उमर (रजि.) परतले. अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे आपण जात आहोत, असे त्यांनी सांगितले. प्रेषित (स.) यांनीही आधी उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण दिली. तेव्हा जाणाऱ्याने डोक्यावर शिरस्त्राण घालावे, स्थानिक प्रशासनाची सूचना पाळावी, तडे गेलेल्या भिंतीखाली झोपू नये. हातात कसब नसेल तर पैसे पाठवावेत. पीडितांवर स्वतःचा भार टाकू नये.

आणि आईचा हक्क? जिहादसाठी निघालेल्या एका माणसाला प्रेषितांनी (स.) विचारले, तुझे आईवडील हयात आहेत का? होकार मिळताच त्यांनी त्याला त्यांच्याच सेवेत झटण्यास सांगितले. म्हणून मी त्या मातेला म्हणालो, “मुलाला समोर बसवा. तो कुठे राहणार, कुणासोबत जाणार, कधी परतणार, सगळे विचारा. तुमच्या सेवेला घरात दुसरे कुणी नसेल, तर त्याने थांबावे. सेवेची सोय असेल आणि भीती एवढीच अडचण असेल, तर दुआ देऊन पाठवा. भल्याची वाट दाखवणाऱ्यालाही ते करणाऱ्याइतकेच पुण्य लाभते. त्याने रचलेल्या प्रत्येक विटेत तुमचाही वाटा असेल.”

या अल्लाह, आमच्या मुलांना कुणाचे तरी छप्पर उभारणारे हात दे, त्यांना सुखरूप परत आण आणि त्यांची वाट पाहणाऱ्या मातांच्या मनाला शांती दे. आमीन.