चढणाऱ्याचा नकार

ज्या फांदीवर बसावे तीच तोडावी, हे मूर्खाचे लक्षण म्हणून कालिदासाच्या दंतकथेपासून आपण ऐकत आलो आहो. परंतु शहाण्या मनुष्यासही नेमके हेच करावे लागेल, असे एक काम जगात आहे. सोलापुरासारख्या शहरात, एखाद्या जुन्या पेठेच्या दाट वस्तीत, आतून पोखरलेला कडुनिंब पत्र्यांच्या छपरांवर कलला, म्हणजे तो बुंध्याशी करवत लावून आडवा पाडता येत नाही. त्यास पडावयास जागाच नसते. यांत्रिक शिडीची गाडी बोळात शिरत नाही. मग कोणीतरी वर चढतो, शेंड्यापासून एकेक तुकडा उतरवीत येतो, आणि ज्या खोडाच्या आधाराने तो उभा असतो ते प्रत्येक कापासरशी आखूड होत जाते. आपला आधार आपणच कापीत यावयाचे आणि तरीही सुखरूप जमिनीस पाय लावावयाचे, अशी ही विद्या आहे.

या विद्येतील मर्मे ऐकण्यासारखी आहेत. करवत चालू असता मनुष्य दोन ठिकाणी बांधलेला असावा लागतो: एक दोर वरच्या भक्कम बेचक्यातून आलेला, दुसरा पट्टा खोडाभोवती. कारण यंत्राची करवत फांदी आणि दोर यांत भेद करीत नाही. जागा बदलतानाही एक बंधन सुटण्यापूर्वी दुसरे पक्के झाले पाहिजे. जड फांदीस प्रथम खालून खाच घ्यावयाची व मग वरून कापावयाचे. तसे न केल्यास ती तुटताना सालीची लांब पट्टी सोलीत येते, आणि तिचा रोख पुष्कळदा कापणाऱ्याकडेच असतो. कललेले खोड कापता कापता उभे चिरले, तर त्याभोवतीचा पट्टा आवळून कमरेस फास बसतो. शेवगा व जांभूळ यांच्या फांद्यांवर भरवसा ठेवू नये, हे तर खेड्यातील पोरासही ठाऊक असते. चिंच चिवट खरी. पण तीही आतून पोकळ असू शकते. म्हणून चढण्यापूर्वी बुंधा ठोकून त्याचा आवाज ऐकावा, मुळाशी अळंबी उगवली आहे काय ते पाहावे, मोहोळ आहे काय ते पाहावे, आणि तारा जवळ असल्यास महावितरणाकडून प्रवाह बंद करून घ्यावा. सर्वांत अधिक विस्मरण होते ते एका गोष्टीचे. वरचा मनुष्य शुद्ध हरपून पट्ट्यांत लोंबकळत राहिला, तर रक्त पायांत साचून थोड्याच वेळात त्याच्या जिवावर बेतू शकते. यासाठी वर चढून त्यास उतरवू शकेल असा दुसरा जाणता खाली हजर पाहिजे.

हे सारे शिकविता येते. मग ते घडत का नाही? ‘ज्याची आयुष्याची दोरी बळकट, त्यास कशाचे भय?’ असे आपण सहज म्हणून जातो. वाक्य मोठे सोयीचे आहे. त्यामुळे दुसरी दोरी विकत आणण्याचा खर्च वाचतो! याहून विचारी मंडळी म्हणतात, तो सज्ञान आहे, मजुरी ठरवून चढला आहे, धोका त्याने पत्करला आहे. या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या धाडसावर आपलाच अधिकार असतो. दोर बांधणे हा भित्रेपणा मानणारे वाकबगार चढणारेही आहेत, आणि त्यांच्या अभिमानास हसणे आम्हांस शोभणार नाही. परंतु संमती ही नकार शक्य असेल तेथेच खरी. झाड पाहून ‘यावर मी चढणार नाही’ असे म्हणणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडत असेल, आणि दाराशी दुसरा चढणारा तयारच असेल, तर पहिल्याच्या होकारास संमती हे नाव कोणत्या तोंडाने द्यावे?

अंगी कसब असल्याखेरीज कोणास पुढे होऊ न देण्याची रीत या नगरीस अपरिचित नाही. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात उंच नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात. त्यांचा भार अंगावर पेलणाऱ्यांचा सराव आधीपासून चालतो. वाटेल त्या वाटसरूच्या हाती कोणी ध्वज देत नाही. तेथे भक्ती आहे, म्हणून काळजी आहे. झाड तोडवून घेताना मात्र आपण केवळ दर विचारतो.

कायदाही येथे पुरा पडत नाही. नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ साली कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या वृक्षास वारसा मानून त्याचे मोल अधिक वाढविले. हे योग्यच झाले. परंतु त्या कायद्याचा विषय झाड आहे, त्यावर चढणारा नव्हे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा मनुष्याचा खरा. पण त्याचे काम अपघात घडून गेल्यावर सुरू होत असे. चढण्यापूर्वीचा जो क्षण, जेव्हा एक मनुष्य मान वर करून झाडाकडे पाहतो व मनाशी काही ठरवितो, त्या क्षणी त्याच्याजवळ कोणीच नसते. असलाच तर घरमालक असतो.

म्हणून आम्हांस वाटते, की मोल ठरवावयाचे ते चढण्याचे नव्हे, पाहण्याचे. झाड तपासून त्याने ‘नाही’ म्हटले तरी त्याचा रोज त्याच्या हाती पडावा. हा दानधर्म नव्हे. वैद्याने शस्त्रक्रिया करू नये असा सल्ला दिला, म्हणून त्याची फी आपण बुडवीत नाही. मग वळवाचा वारा शांत होईपर्यंत काम थांबवावे लागेल, छपराचे पत्रे काढून ठेवावे लागतील, शेजाऱ्यास दोन दिवस अन्यत्र राहावयास सांगावे लागेल. शेजारी कुरकुर करील, आणि पत्र्यांचा व दोन दिवसांचा खर्च घरमालकाच्या माथी बसेल.