बदली

आम्हां भोपाळकर मराठी मंडळींच्या घरांत 'बदली' या शब्दाइतका मानाचा आणि धास्तीचा दुसरा शब्द नसेल. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कितीतरी कुटुंबे सरकारी हुकुमानिशी या तलावांच्या गावी येऊन उतरली. बदलीने आलो आणि इथलेच झालो. याच शब्दाला या गावात आणखी एक अर्थ भेटला, तो मैदानावरचा. ज्या शहरात ओबेदुल्ला खाँ सुवर्णचषकाची स्पर्धा 1931 साली सुरू झाली आणि ऐशबागेत सामना असला की पानाच्या ठेल्यावरही दुसरा विषय निघत नसे, तेथे 'बदली खेळाडू' कोण हे मुलांनाही विचारावे लागत नसे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या सायंकाळच्या बैठकीत या दोन्ही अर्थांची गाठ पडली. विषय साधा होता. नावाजलेला आघाडीचा खेळाडू हंगामभर गोल करू शकला नाही, तर संघाने त्याला ठेवावे की दुसऱ्या संघाच्या हवाली करून मोकळे व्हावे? हिशेब खात्यातून निवृत्त झालेले एक स्नेही म्हणाले, "यात वाद कसला? गोल करणे हेच त्याचे काम. ते होत नसेल तर जागा रिकामी करावी." दुसरे म्हणाले, "माणूस म्हणजे का टाइपरायटर आहे, बिघडला की बदलला?" चहा दोनदा झाला, निकाल लागला नाही. घरी आल्यावरही प्रश्न मनातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

हॉकीच्या इतिहासात या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण आहे आणि त्याचा धागा भोपाळपर्यंत येतो. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली गेलेला भारतीय संघ 17 जुलै रोजी सरावाच्या सामन्यात जर्मनीकडून 4-1 असा हरला. संघात चिंता पसरली. आघाडीची फळी जमत नाही असे ठरले आणि अली इक्तिदार शाह दारा यांना मायदेशाहून तातडीने बोलावून घेण्यात आले. दारा विमानाने आले, उपांत्य सामन्यात उतरले, आणि 15 ऑगस्ट रोजी अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला 8-1 असे नमविले. त्या संघात आपल्या भोपाळचे दोघे होते, अहमद शेर खाँ आणि अहसान मोहम्मद खाँ. अंतिम सामन्याच्या अकरा जणांत दोघांचेही नाव नव्हते.

निकाल पाहिला तर आमच्या हिशेबनीस मित्राचा पक्ष येथे पूर्ण सिद्ध झाल्यासारखा वाटतो. परंतु थोडे थांबून पाहावे. दारा येण्यापूर्वी भारताने साखळीतील तीन सामने खेळले होते: हंगेरीविरुद्ध 4-0, अमेरिकेविरुद्ध 7-0 आणि जपानविरुद्ध 9-0. वीस गोल केले, एकही स्वीकारला नाही. मग बदल आवश्यक होता काय? होता असेही म्हणता येईल, कारण जर्मनी हा निराळा प्रतिस्पर्धी होता. नव्हता असेही म्हणता येईल, कारण ज्यांच्यावर अविश्वास दाखविला त्यांना जर्मनीसमोर पुन्हा उभे राहण्याची संधीच मिळाली नाही. विजयाने निर्णयाचा गौरव होतो. निर्णय योग्य होता हे मात्र विजयाने सिद्ध होत नाही. वगळलेल्याच्या बाजूचा पुरावा नेहमीच अपुरा राहतो, कारण जे घडू दिले नाही त्याची नोंद कोठेच नसते.

येथे नीतिशास्त्राचा जुना वाद समोर येतो. बहुतांच्या हिताने कृतीचे मोल ठरवावे असे मानले तर एकाचे दुःख अकरांच्या आणि कोट्यवधी प्रेक्षकांच्या आनंदापुढे नगण्य ठरते. कांटचा आग्रह असा की, कोणत्याही माणसास केवळ साधन मानू नये. लोकमान्यांनी 'गीतारहस्या'त बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला श्रेष्ठ स्थान दिले, हे आमच्या पिढीला घरच्या कपाटातूनच ठाऊक आहे. परंतु संघनायक जर केवळ खेळाडूच्या शुद्ध बुद्धीकडे पाहू लागला तर तो उरलेल्या दहा जणांशी अन्याय करील. त्यांच्याही श्रमांवर कोणाचा तरी हक्क आहेच. म्हणून बदली करणे हेच मुळात अनीतीचे, असे आम्हांस म्हणवत नाही. प्रश्न आहे तो कशावरून आणि कशी करावी, हा.

'कशावरून' याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताला कांस्यपदक मिळाले आणि स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे दहा गोल, केले ते कर्णधार हरमनप्रीत सिंग यांनी. ते बचावफळीतील खेळाडू! आजच्या हॉकीत पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग-फ्लिक मारणारा बहुधा मागच्या फळीतला असतो. तो कॉर्नर मिळवून देण्यासाठी जो पुढे घुसतो, बचावपटूंच्या काठ्या पायांवर झेलतो आणि त्यांना आपल्या अंगावर ओढून घेतो, त्याच्या नावापुढे शून्यच राहते. गोलफलक खोटे बोलत नाही, पण पुरते खरेही सांगत नाही.

हे आम्ही केवळ पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाही. सेवेत असताना एका कार्यालयाचा कारभार आमच्याकडे होता. दर महिन्यास निकाली काढलेल्या प्रकरणांचा तक्ता वर जाई. एका सहायकाची संख्या सतत सर्वांत कमी. दोनदा समज दिली, तिसऱ्या तिमाहीनंतर गोपनीय अहवालात शेरा लिहिला आणि त्यांची दूरच्या जिल्ह्यात बदली करण्याची शिफारस केली. ती मान्य झाली. गृहस्थ काही बोलले नाहीत. जाण्याच्या दिवशी त्यांनी प्रलंबित प्रकरणांची यादी आमच्या टेबलावर ठेवली, कपाटाची किल्ली दिली, नमस्कार केला व गेले. ती यादी आम्ही आठ दिवसांनी वाचली. सुवाच्य अक्षरात प्रत्येक प्रकरणापुढे विलंबाचे कारण होते. कुठे तीन भावांचा वाद, कुठे नकाशाच गहाळ, कुठे वारस परगावी. कार्यालयातली गुंतागुंतीची सारी प्रकरणे वर्षानुवर्षे त्यांच्याच टेबलावर सरकविली जात होती. ज्यांच्या संख्येचे आम्ही कौतुक करीत होतो, ते सोपी प्रकरणे निकाली काढीत होते.

शेरा दुरुस्त करण्याचा मार्ग उपलब्ध होता. आम्ही तो अनुसरला नाही. आपला निर्णय चुकला हे कागदावर आणण्याचे धैर्य आमच्यापाशी त्या वेळी नव्हते, एवढेच कारण. पुढे त्यांची भेट झाली नाही. आज पाहता, त्यांची बदली करण्यातच आमचा सारा दोष होता असे वाटत नाही. कदाचित त्यांनाही निराळ्या कामाची गरज असेल. न विचारता केली, यादी वाचण्याआधी केली, आणि वाचल्यानंतर गप्प राहिलो, हा आमचा दोष.

'कशी करावी' हा प्रश्न बाजार आल्यापासून अधिक अवघड झाला आहे. 2012 साली वर्ल्ड सिरीज हॉकीत आपल्या शहराच्या नावाचा 'भोपाळ बादशाह' संघ होता. ती स्पर्धा एकाच हंगामापुरती ठरली. हॉकी इंडिया लीगच्या ऑक्टोबर 2024 मधील लिलावात हरमनप्रीत यांना 78 लाख रुपयांची सर्वोच्च बोली लागली. गरिबीत काठी हाती घेतलेल्या मुलांना पैसा मिळतो याचा आनंदच आहे. मात्र 'अमुक विकला गेला, अमुक विकला गेला नाही' ही भाषा कानाला टोचते. विकले जाते ते खेळाडूचे कौशल्य, तेही ठरावीक काळापुरते. त्याचे माणूसपण बोलीत नसते, हे बोलणाऱ्यांनीही विसरू नये.

आता पुन्हा शेर खाँ घराण्याकडे वळू. 1975 च्या क्वालालंपूर विश्वचषकात, उपांत्य सामन्यात भारत मलेशियाविरुद्ध 1-2 असा मागे होता. वेळ संपत आली असता बाकावरून एका तरुणास उतरविण्यात आले. गळ्यातील ताविजाचे चुंबन घेऊन त्याने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरीचा गोल केला. जादा वेळेत भारत 3-2 असा जिंकला आणि पुढे पाकिस्तानला 2-1 असे हरवून विश्वविजेता झाला. तो तरुण म्हणजे अहमद शेर खाँ यांचे चिरंजीव अस्लम शेर खाँ. वडिलांना बर्लिनचा अंतिम सामना बाहेरून पाहावा लागला. मुलगा बदली म्हणून उतरला आणि इतिहासात गेला. मात्र त्याच्यासाठी त्या क्षणी कोणीतरी मैदान सोडून बाहेर आले होते, हेही लक्षात ठेवावे. एकाची संधी ही दुसऱ्याची माघार असते. माघार घेणारा नालायक होता असे मात्र त्यातून निघत नाही.

म्हणून आमचे मत असे. संघाने खेळाडू जरूर बदलावा. पण त्याआधी त्याच्या वाट्याला कोणते काम आले होते ते पाहावे, त्याच्याशी समोरासमोर बोलावे, आणि चूक उमगली तर ती मान्य करावी. आज हॉकीत सामना चालू असताना कितीही वेळा खेळाडू आत-बाहेर करता येतात. बाहेर आलेला पाणी पितो, घाम पुसतो आणि पुन्हा उतरतो. त्यात कोणालाच कमीपणा वाटत नाही. कार्यालयांत आणि घरांत ही सोय कधी होईल न कळे.

बैठकीत पुढच्या खेपेस हेच सांगू. हिशेबनीस मित्र अर्थातच विचारतील, "पण त्या यादीचे पुढे काय झाले?" त्याचे उत्तर आमच्यापाशी नाही. किल्ली मात्र दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसाच्या हाती दिली होती.