गेलेल्या गुरूचा नकार

पीर, मुर्शिद, गुरू, उस्ताद, नाव कोणतेही घ्या. असा माणूस जगातून गेला की मुरिदांवरचा त्याचा प्रभाव संपतो की टिकतो? आपल्या मोहल्ल्यांत या प्रश्नावर दोन तट आहेत. एक म्हणतो, वली फक्त पडद्याआड जातो, त्याचे फैज चालूच राहते. दुसरा म्हणतो, मागायचे ते फक्त अल्लाहपाशी, कबरीपाशी नाही. हा वाद उलेमांचा आहे, तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. पण वादाच्या गलक्यात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. गुरूच्या मृत्यूबरोबर नेमके काय जाते?

आम्हाला वाटते, एक फार मोठी गोष्ट जाते. ‘नाही, मी असे म्हणालो नव्हतो’ असे सांगण्याची त्याची ताकद जाते.

दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया यांचे उदाहरण पाहू. त्यांचे मुरीद, फारसी कवी अमीर हसन सिज्जी यांनी 1308 पासून 1322 पर्यंत त्यांच्या मजलिसीतली बोलणी टिपून ठेवली. ‘फवाइद-उल-फुआद’ हा तो ग्रंथ. हसन यांनी आपले लेखन खुद्द शेखांना दाखवले. जिथे शब्द नीट आठवले नव्हते तिथे त्यांनी जागा कोरी सोडली होती. शेखांनी ती स्वतः भरून दिली. पुढे हसन दौलताबादला आले. आज त्यांची कबर आपल्या खुलताबादेत आहे.

शेखांचे निधन 1325 मध्ये झाले. त्यानंतर कोऱ्या जागा भरून देणारे कोणी उरले नाही. पण भरणारे पुष्कळ निघाले! जुन्या चिश्ती बुजुर्गांच्या नावावर पुस्तके फिरू लागली. शेखांचे खलिफा हजरत नसिरुद्दीन चिराग-ए-देहली यांना सांगावे लागले, की आपल्या शेखांनी आणि त्यांच्या आधीच्या बुजुर्गांनी एकही पुस्तक लिहिलेले नाही. नसिरुद्दीन होते म्हणून हा नकार निदान नोंदला गेला.

आम्ही शिक्षक हे रोज पाहतो. एका शिक्षकाची बदली झाली, की नव्याला वर्गातून ऐकू येते, ‘पहिले सर हे चालू द्यायचे.’ पहिले सर काय चालू द्यायचे हे सांगायला ते स्वतः वर्गात नसतात. मुलांचे हे खोटे निरागस असते. मोठी माणसे तेच करतात तेव्हा त्यातून गाद्या, तंटे आणि कोर्टकचेऱ्या उभ्या राहतात.

निजामुद्दीन औलियांविषयी सांगतात, की सुलतानाने भेटीला यायची इच्छा दाखवली तेव्हा ते म्हणाले, माझ्या घराला दोन दारे आहेत. तो एका दाराने आला तर मी दुसऱ्याने निघून जाईन. आज दर्ग्यांवर सत्तेतल्या माणसांच्या चादरी येतात, छायाचित्रे निघतात. मजारीला दुसरे दार नसते. हयातीत ज्याला बादशहा गाठू शकला नाही, तो गेल्यावर कोणाच्याही हाती लागतो.

हे नसिरुद्दीन यांनी ओळखले होते की काय, न कळे. पण 1356 मध्ये त्यांचा अंत जवळ आला तेव्हा त्यांनी गुरूकडून मिळालेली खिरका, तसबीह, असा अशी तबर्रुके कोणालाही न देता आपल्याबरोबर कबरीत पुरायला सांगितले. वस्तू मातीत गेल्या, शिकवण थांबली नाही. त्यांचे मुरीद हजरत गेसूदराज दक्षिणेत आले आणि गुलबर्ग्याला 1422 पर्यंत लोकांना शिकवत राहिले.

म्हणजे गुरूचा प्रभाव टिकतो, पण तो सांभाळण्याचे ओझे शिष्यावर येते. हदीसमध्ये आले आहे, की माणूस गेल्यावर त्याची कर्मे थांबतात, फक्त तीन चालू राहतात: सदका-ए-जारिया, लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती. नीट पाहिले तर या तिन्हींना जिवंत माणसे लागतात. ज्ञान कोणाच्या उपयोगी पडले नाही तर ते कसले चालू राहणार?

मग प्रभाव आहे की नाही हे ओळखायचे कसे? उरुसाच्या गर्दीवरून ते ठरत नाही. ज्या गुरूच्या नावाने आपण फक्त आपल्या मनातलेच करतो, तो आपल्यापुरता खरोखर वारला आहे. ज्याचा शब्द आठवून आपला हात मध्येच थांबतो, तो हयात आहे.

निजामुद्दीन औलिया रोजे धरत आणि सहरीला जेमतेम खात. मशिदींच्या पायऱ्यांवर, दुकानांच्या ओट्यांवर कितीतरी गरीब उपाशी झोपले आहेत, हे आठवून त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. अखेरच्या आजारात त्यांनी खानकाहचे सगळे धान्य वाटून टाकायला लावले. आता रमजानमध्ये आपल्या भरलेल्या दस्तरखानावर त्यांचे नाव घेताना आपला एक तरी घास अडतो का? अडला, तर सातशे वर्षांनंतरही त्यांनी आपल्याला ‘नाही’ म्हटले असे समजावे. आणि उठून शेजारचे दार वाजवावे.